मॉड्रिच नेमकं करतो तरी काय?

आबा_जेलरोड

नमस्कार मंडळी. वय ६८, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर होऊन आठ वर्षं झाली. सगळं आयुष्य क्रिकेट बघण्यात गेलं. गोल्फ क्लबवर रणजीचा सामना लागला की मी आजारी पडायचो, म्हणजे ऑफिसपुरता. फुटबॉलशी संबंध एवढाच, की देवळाली कॅम्पात जवान खेळत असले तर सायकल थांबवून दोन मिनिटं बघायचं आणि पुढे निघायचं.

आता घरात तेरा वर्षांची नात आहे. शाळेच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये मधल्या फळीत खेळते. तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर क्रोएशियाचा फुटबॉलपटू लुका मॉड्रिच याचा फोटो लावलाय. डोक्याला हेअरबँड, गालफडं बसलेली, आमच्या डिपार्टमेंटला नाइट शिफ्ट करून आलेला माणूस दिसायचा तसा. शनिवारी रात्री त्याची मॅच असली की जागायची परवानगी आहे, पण सूनबाईंची अट अशी की आबा सोबत बसणार असतील तरच. म्हणून मी बसतो. आत्तापर्यंत पाच-सहा मॅच बसून काढल्या.

प्रामाणिकपणे सांगतो, मला काहीच दिसलं नाही. गोल मारत नाही. चार जणांना चकवून पळत नाही. चेंडू येतो, तो देऊन टाकतो. परत येतो, परत देतो. समालोचक मात्र दर दोन मिनिटांनी त्याचं नाव घेऊन गहिवरतो. नातीला विचारलं, "अगं हा करतो काय?" तर ती हसते आणि म्हणते, "आबा, तुम्हाला नाही कळायचं."

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे. मागच्या महिन्यात आंतरशालेय मॅचमध्ये हाफ टाइमला तिला बाहेर काढलं. सरांचं म्हणणं, अंगात जीव नाही, धक्का लागला की पडते. वजन ३४ किलो आहे, ते खोटं नाही. घरी आल्यावर जेवली नाही. सूनबाई म्हणतात बॅडमिंटनला घाला, तिथे कोणी धक्के मारत नाही. मुलगा कुणाचीच बाजू घेत नाही. निकाल माझ्यावर आलाय.

जाणकारांनी समजेल असं सांगावं. ऑफसाइड मला कळतो, तेवढं शिकलोय.

पंचवटीचा_पंच

काका, क्रिकेटच्या भाषेत सांगतो. षटकार मारणाऱ्याला टाळ्या मिळतात, पण एक-दोन धावा काढून स्ट्राइक फिरवत ठेवणारा एक माणूस टीममध्ये लागतो. तो आउट झाला की मगच लोकांना कळतं की धावफलक कोण हलता ठेवत होतं. मॉड्रिच तो. बाकी बॅडमिंटन वाईट खेळ नाही, फक्त नातीसमोर बोलू नका.

रंकाळ्यावरनं

आबा, हे तुम्हाला विचारायला लागतंय ह्येच नाशिकचं दुखणं हाय. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतल्या म्हाताऱ्या बायका पण सांगतील कुणाचा पास चुकला. आमचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडनं खेळला, त्यो काय आभाळातनं पडला न्हाई. गल्लीत खेळणारी शंभर पोरं असली की त्यातनं एक निघतंय.

पोरगी धक्क्यानं पडती म्हंजे चेंडूपाशी जाती. जी लांब उभी ऱ्हाती ती कधीच पडत न्हाई. खेळू द्या.

आठ_नंबर

काका, उशीर झाला, फर्स्ट शिफ्ट चालू आहे. पण हा प्रश्न वाचून गप्प बसणं शक्य नव्हतं. मी आयुष्यात मनापासून एकच काम केलं, तेही अर्धवट राहिलं, आणि ते हेच. मिडफिल्ड, म्हणजे मधली फळी.

माझी पत्रिका थोडक्यात. देवळाली कॅम्पात वाढलो. तुम्ही सायकल थांबवून जे बघायचात ना, त्या जवानांचा लाइनबाहेर गेलेला चेंडू पळत जाऊन आणून देणाऱ्या पोरांमधला मी एक. पुढे जिल्हा खेळलो, विद्यापीठ खेळलो, मुंबईत एका कंपनीच्या टीमकडून तीन सीझन पगार घेऊन खेळलो. आता सातपूरला मशीनवर असतो आणि संध्याकाळी पंधरा-वीस पोरं घेतो. तेव्हा डोंगराबद्दल टेकडी बोलतेय असं समजून वाचा.

पहिली गोष्ट, तुम्ही मॅच चुकीची बघताय. रागावू नका, सगळेच तशी बघतात. चेंडू जिकडे, डोळे तिकडे. मॉड्रिचचं निम्मं काम चेंडू पायाशी यायच्या आधी उरकलेलं असतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही. येत्या शनिवारी एक करा. दहा मिनिटं चेंडूचा नाद सोडा आणि फक्त त्याची मान बघा. चेंडू अजून त्याच्या बचावपटूच्या पायात आहे. हा एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो. दोन पावलं सरकतो. उजव्या खांद्यावरून बघतो. चेंडू निघाला, वाटेत आहे, तरी अजून एकदा ओझरतं बघून घेतो. नाशिकच्या द्वारका चौकात रस्ता ओलांडताना आपण जसं बघतो, अगदी तसं. तिथे न बघता पाऊल टाकणाऱ्याचं जे होतं, तेच मधल्या फळीत न बघता चेंडू घेणाऱ्याचं होतं. विंगवर खेळणाऱ्याला एका बाजूला निदान साइडलाइन असते, तिकडून कोणी अंगावर येत नाही. मधल्या माणसाला पाठ टेकायला भिंतच नाही.

एवढं बघून झालेलं असल्यामुळे चेंडू पोचतो तेव्हा त्याचं अंग आधीच अर्धं वळलेलं असतं. आम्ही याला हाफ टर्न म्हणतो. जवळच्या पायावर चेंडू घेतला तर पाठ गोलकडे राहते, मग थांबा, वळा, शोधा. लांबच्या पायावर घेतला की त्याच टचमध्ये तोंड पुढे. हा सगळा खटाटोप झाल्यावर तुम्हाला दिसतो तो एक साधा पास, आणि तुम्ही म्हणता की चेंडू आला आणि देऊन टाकला. बरोबरच आहे. साधा दिसावा म्हणूनच तर एवढं केलं.

एक पास मात्र तुम्हालाही दिसेल. नातीला सांगा, १२ एप्रिल २०२२, रेआल माद्रिद विरुद्ध चेल्सी, ऐंशीवं मिनिट. तिला बहुतेक तोंडपाठ असेल. त्या रात्री माद्रिद घरच्या मैदानावर तीन गोलांनी मागे होतं आणि पहिल्या लेगचे, म्हणजे आधीच्या मॅचचे गोल धरून ३-४ असं बाहेर पडण्याच्या वाटेवर होतं. मॉड्रिच डावीकडे आहे, चेंडू उजव्या पायाशी. पलीकडच्या खांबाकडे रॉड्रिगो धावत सुटतो. आता तिथून चेंडू आत वळवून द्यायचा तर तुमच्याआमच्यासारख्याला अंग फिरवायला लागेल किंवा डावा पाय काढायला लागेल, आणि तेवढ्यात ती धाव वाया जाईल. त्यानं उजव्याच पायाच्या बाहेरच्या कडेनं, करंगळीच्या बाजूनं चेंडू उचलला. सगळी बचाव फळी ओलांडून चेंडू वळत वळत बरोबर रॉड्रिगोच्या बुटावर. गोल. एकूण ४-४. पुढे एक्स्ट्रा टाइममध्ये बेन्झेमानं हेडर मारला आणि माद्रिद पुढे गेलं, त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगचा कपही नेला. तो पास मी किती वेळा बघितलाय ते बायकोला विचारू नका. तेव्हा हा माणूस ३६ वर्षांचा होता. आता चाळिशी ओलांडून इटलीत मिलानकडून खेळतोय.

आता वजनाचं.

मॉड्रिच १९८५ चा. क्रोएशियात झादर नावाचं समुद्रकाठचं शहर आहे, तिथला. वर वेलेबित डोंगराच्या पायथ्याला वाडी होती, आजोबांच्या दगडी घरात वाढला. आजोबांचंही नाव लुकाच. आईवडील कामाला जायचे, पोरगं दिवसभर आजोबांपाशी. डिसेंबर १९९१ मध्ये युद्धात त्या आजोबांना घराजवळ गोळ्या घालून मारलं, घर जाळलं. हे सहा वर्षांचं. मग निर्वासित म्हणून झादरच्या एका हॉटेलात, कोलोवारे नाव त्याचं, पुढे दुसऱ्या हॉटेलात. वर्षानुवर्षं. हॉटेल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळं येतं. हे म्हणजे एका खोलीत अख्खं कुटुंब आणि खाली पार्किंगच्या जागेत खेळणारी पोरं. शहरावर तोफगोळे पडायचे, खेळ टाकून तळघरात पळायचं, थांबलं की परत खाली.

दहा-बारा वर्षांचा असताना त्याला हायदुक स्प्लिटनं नाकारलं. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराचं स्वप्न असलेला क्लब. कारण तेच, जे तुमच्या सरांनी दिलं. अंगात नाही. झादरच्या अकादमीत तोमिस्लाव बाशिच नावाचे एक प्रशिक्षक होते, त्यांनी मात्र पोराला सोडलं नाही. नडगी वाचवायला त्याच्यासाठी लाकडाचे शिनगार्ड करून दिले म्हणे. मला या सगळ्या कहाणीत ते लाकडाचे शिनगार्ड फार आवडतात. "तू आधी मोठा हो, मग ये" असं त्या माणसानं सांगितलं नाही. आहे त्या काटकीसारख्या पायांना आज काय लागतं ते बघितलं.

पुढे डिनामो झाग्रेबनं घेतलं आणि अठराव्या वर्षी बोस्नियात मोस्तारच्या झ्रिन्स्की क्लबकडे उसना पाठवला. ती लीग म्हणजे खडबडीत मैदानं आणि पाय मोडायच्या तयारीत असलेली मोठी माणसं. त्या लीगमध्ये हे पोरगं वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलं. कसं? इथे मला लोकांची नेहमीची गोष्ट पटत नाही. लोक म्हणतात, लहान असूनसुद्धा जिद्दीनं जिंकला. मी म्हणतो, लहान होता म्हणूनच ही मान फिरवायची सवय एवढी पक्की झाली असणार. ज्याला धक्का देऊन जिंकता येतं, त्याला मागे बघायची गरज काय? येऊ दे, बघू, असं त्याचं असतं. ज्याला माहीत आहे की गाठला तर आपण आडवे, त्याला दुसरा पोचायच्या आत चेंडू सोडावा लागतो. आणि सोडायचा कुठे हे आधीच ठाऊक असावं लागतं.

हे मला इतक्या खात्रीनं कळतं, कारण मी उलटं केलं. सतराव्या वर्षी मुंबईत एका ट्रायलला गेलो होतो. पहाटेच्या गाडीनं, डब्यात आईनं दिलेल्या दशम्या. उंची पाच फूट चार इंच. पाऊण तास खेळवलं, मी बरा खेळलो. वही घेऊन बसलेल्या माणसानं नाव विचारायच्या आधी वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "हाइट नहीं है।" वहीत काही लिहिलंसुद्धा नाही. परतीच्या गाडीत कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत मी ठरवलं की उंची नाही तर नाही, रुंदी वाढवू. रोज डझनभर केळी, दूध, तालमीत जोर-बैठका. वर्षात आठ किलो. मग लोक माझ्या अंगावर येऊन पडायला लागले, मी पडेना. फार भारी वाटायचं. त्याच जोरावर कंपनीच्या टीममध्ये लागलो. पण वळायला अर्धा सेकंद जास्त लागायला लागला आणि मागे बघायची सवय गेली, कारण आता भीतीच नव्हती. तिसऱ्या सीझनला पावसातल्या मॅचमध्ये पाठीमागून टॅकल आलं, डावा गुडघा गेला. लिगामेंट. तो पोरगा कुठून आला हे मला आजही सांगता येत नाही.

असो. शिट्टी झाली, चहा संपला. राहिलेलं रात्री लिहितो.

आबा_जेलरोड

आठ नंबर साहेब, तुमचं उत्तर नातीला वाचून दाखवलं. चेल्सीच्या पासचा भाग येताच तिनं मला थांबवून स्वतःच पुढचं सांगितलं. मोबाइलवर दाखवला पण. मला तो पास कळला, पहिल्यांदाच.

आमच्या प्रेसमध्ये एक मशीनमन होते. त्यांच्या शिफ्टला कागद कधी अडकायचा नाही. आम्हाला वाटायचं, यांच्या वाट्याला मशीन चांगलं आलंय. ते रजेवर गेले की कळायचं. हे तसंच काहीसं दिसतंय.

पण साहेब, एक शंका. त्याला बाशिच भेटले. आमच्या पोरीला कोण भेटणार? आणि त्याचं नाव व्हायला इतकी वर्षं का लागली?

सरळ_बोलू

सगळे फारच भारावलेत म्हणून एक आठवण करून देतो. याच मॉड्रिचनं २०१७ मध्ये डिनामोचा बडा कारभारी झ्द्राव्को मामिच याच्या खटल्यात साक्ष देताना महत्त्वाच्या प्रश्नांवर "आठवत नाही" असं सांगितलं. प्रकरण त्याच्याच टॉटनहॅम या इंग्लिश क्लबला झालेल्या विक्रीच्या पैशांचं होतं. क्रोएशियातले लोक इतके चिडले की तो निर्वासित म्हणून राहिलेल्या हॉटेलच्या भिंतीवर कोणीतरी लिहून गेलं, लुका, हे तुला एक दिवस आठवेल. मामिचला २०१८ मध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. फोटो लावा, पण देव करू नका.

आठ_नंबर

@सरळ_बोलू, सगळं खरं आहे. खोट्या साक्षीचा आरोप मॉड्रिचवरही २०१८ ला आला होता आणि त्याच वर्षी फेटाळला गेला, एवढं जोडा. भिंतीवरचं कोणी फेटाळू शकत नाही, तेही मान्य. मी त्याच्याकडून मान कशी फिरवायची ते शिकतो, साक्ष कशी द्यायची ते नाही.

काका, वर्षं का लागली विचारलंत. कारण बघणारे चेंडूच बघत होते. २००८ ला टॉटनहॅमनं घेतला तेव्हा इंग्लंडमध्येही हेच, या लीगसाठी फार किरकोळ आहे. सुरुवातीला त्याला कधी कडेला, कधी पुढे असं फिरवत होते. २००९ ला पाय मोडला, त्यातून परत आला. मधोमध, जरा मागून खेळायला लागला तेव्हा टीम बदलली. २०१२ ला माद्रिदला गेला आणि चार महिन्यांत तिथल्या 'मार्का' या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी सीझनमधली सगळ्यात वाईट खरेदी म्हणून त्याला मत दिलं. सगळ्यात वाईट! तुम्ही एकटे नाही काका, अख्ख्या माद्रिदला तो काय करतो ते दिसलं नव्हतं. मार्च २०१३ ला मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बदली म्हणून आला आणि लांबून गोल मारला, तेव्हा कुठे लोक नीट बसून बघायला लागले. म्हणजे त्याचं रोजचं काम दिसायला एक दिवस त्याला दुसऱ्याचं काम करून दाखवावं लागलं.

मग मात्र रांग लागली. २०१४ ला लिस्बनमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला ९३ व्या मिनिटाला रामोसच्या डोक्यावर पडलेला कॉर्नर याचा. तेरा सीझनमध्ये सहा चॅम्पियन्स लीग धरून २८ करंडक, त्या क्लबच्या इतिहासात कोणाकडेच इतके नाहीत. आणि २०१८. क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपला नाशिक जिल्हाच ६१ लाखांचा होता. म्हणजे मालेगाव, निफाड, सिन्नर मिळून टीम काढायची आणि वर्ल्डकपची फायनल खेळायची. तिथवर जायला सलग तीन मॅच एक्स्ट्रा टाइममध्ये गेल्या. डेन्मार्कविरुद्ध एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी पेनल्टी मिळाली, मॉड्रिचनं मारली, त्यांचा गोली श्मायकेल, त्यानं धरली. ती आत गेली असती तर मॅच तिथेच संपली असती. पाच-सात मिनिटांत शूटआउट. त्याच गोलीसमोर, त्याच जागेवरून, परत हाच आला. आणि घातली. फायनल फ्रान्सकडून ४-२ हरले, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तो आणि वर्षाअखेर जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओरही त्याला. दहा वर्षं तो चषक मेस्सी आणि रोनाल्डो सोडून कोणाच्या घरी गेलाच नव्हता.

आता तुमचा खरा प्रश्न, पोरीला कोण भेटणार. सर बदलून मिळत नाहीत, त्यांच्याशी भांडूही नका, त्यांना एका पिरियडमध्ये चाळीस पोरं सांभाळायची असतात. तुम्ही घरी आहात ना? मग ऐका. भिंतीपासून सात-आठ पावलांवर तिला उभी करा, तोंड भिंतीकडे. तुम्ही तिच्या मागे. तिनं चेंडू भिंतीवर मारायचा, आणि तो परत येईपर्यंत मागे वळून तुम्ही किती बोटं दाखवताय ते मोठ्यानं सांगायचं. मग चेंडू थांबवायचा. आधी भिंतीवर मार, मग बघ, मग घे. पहिले चार दिवस चेंडू पायाखालून जाईल. जाऊ द्या. आठवड्यानं तुम्ही डावीकडे-उजवीकडे सरकत राहा आणि चेंडू तुमच्या उलट्या बाजूला घ्यायला सांगा. यासाठी प्रशिक्षक लागत नाही, बोटं लागतात.

आणि केळी द्या, पण रोज दोनच.

रंकाळ्यावरनं

आबा, ह्यो माणूस कामाचा हाय. धरून ठेवा.

आबा_जेलरोड

तीन आठवडे झाले, म्हणून हिशेब द्यायला आलो.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंत मिळाली. सकाळी साडेसहाला, गाड्या निघायच्या आधी. पहिल्याच दिवशी तळमजल्यावरच्यांच्या स्कूटरचा आरसा गेला, ३५० रुपये. चेंडू तिच्या पायाखालून जायचा आणि ती माझ्यावर चिडायची, जणू बोटं मीच चुकीची दाखवली. दुसऱ्या आठवड्यात वॉचमन येऊन उभा राहिला. आता तो डावीकडे असतो, मी उजवीकडे, दोघांची बोटं बेरीज करून सांगायची. हे तिनंच काढलं. गणितात एवढा उत्साह कधी दिसला नाही.

मधल्या शनिवारी मॅच बघितली, दहा मिनिटं फक्त मान. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रेघा मारत गेलो, प्रेसमध्ये गठ्ठे मोजायचो तशा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. कोपरा पुरला नाही, राशिभविष्यावर आलो. सूनबाई पाणी प्यायला उठल्या, त्यांनी विचारलं काय चाललंय. मी म्हटलं, काम.

काल शाळेची मॅच होती. सरांशी बोललो नाही, तुम्ही सांगितलंत म्हणून. तिला दुसऱ्या हाफला घेतलं. मी खिशात कागद-पेन्सिल घेऊन गेलो होतो. पहिली दोन-तीन मिनिटं तिनं एकदाही मागे बघितलं नाही, दोनदा चेंडू गेला, एकदा आडवी झाली. माझ्या शेजारी एक गृहस्थ प्रत्येक चेंडूला "मार, मार" ओरडत होते. मागच्या मॅचला मीही तेच करत होतो, हे लिहून टाकतो.

मग एकदा बचावातल्या मुलीकडे चेंडू असताना तिची वेणी उडालेली दिसली. एकदा डावीकडे, लगेच उजवीकडे. चेंडू आला तेव्हा एक उंच मुलगी मागून धावत आली होती, पण ही तिथे नव्हतीच. लांबच्या पायावर घेतला, वळली आणि पुढच्या मुलीला सरळ देऊन टाकला. मोकळी जागा, समोर फक्त गोलकीपर. पुढच्या मुलीनं बाहेर मारला.

सगळे पुढच्या मुलीवर हळहळले. गोल झाला नाही, १-० नं हरलो. मी कागदावर दोन रेघा मारल्या आणि मान वर केली तर ती मैदानातून माझ्याकडे बघत होती. मी दोन बोटं दाखवली.